पावसात भिजलेली भिंत उन्हाला कितपत अडवते?

ऑक्टोबर हीट सुरू झाली की मुंबईत अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते, ‘पश्चिमेची खोली नुसती भट्टी झालीये.’ दोष उन्हाला दिला जातो. पण चार महिने पाणी प्यायलेल्या भिंतीचं काय?

भिंत उष्णता अडवते कशी?

वीट, प्लास्टर, एएसी ब्लॉक या सगळ्यांत बारीक छिद्रं असतात. त्यांतली हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. एएसी ब्लॉकचा मुख्य गुण हाच. भिंत भिजली की छिद्रांत हवेऐवजी पाणी शिरतं आणि पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या २० पटींहून जास्त असते. भिंतीची जाडी तीच राहते, पण उष्णता अडवण्याची ताकद घटते.

ओली भिंत हाताला गार लागते, हे खरं. ते बाष्पीभवनामुळे. पण तीच वाफ खोलीत आली तर दमटपणा वाढतो आणि एसीला तोही काढावा लागतो. म्हणजे वीजबिलात भर.

मुंबईत हा प्रश्न मोठा का?

नैऋत्य मोसमी वाऱ्यांसोबत येणारा तिरका पाऊस प्रामुख्याने दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर आदळतो. दुपारनंतरचं कडक ऊनही पश्चिमेलाच. दोन्ही मारा एकाच भिंतीवर. धड असलेली भिंत पावसाळ्यानंतर हळूहळू सुकते. तडे किंवा गळका पाइप असेल, तर ओल मुक्कामालाच राहते.

नियम काय सांगतात?

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. मुंबईसारख्या उष्ण-दमट भागात बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी तिने दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटची मर्यादा घातली. हा हिशेब नकाशा आणि साहित्याच्या गुणधर्मांवरून होतो. एएसी ब्लॉकच्या भारतीय मानकातली उष्णतावाहकतेची मर्यादाही हवेत सुकलेल्या ब्लॉकसाठी आहे. थोडक्यात, कागदावरची भिंत कोरडी असते, आपली मात्र भिजते.

मग करायचं काय?

पावसाळ्याआधी बाहेरचे तडे बुजवा, गळके पाइप दुरुस्त करा. छज्जा आणि त्याखालची पाणी तोडणारी खाच शाबूत आहे का, पाहा. रंग देण्याआधी भिंत पूर्ण सुकू द्या. पाणी अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा रंग निवडा, नाहीतर आतली ओल आतच कोंडते. नवं घर घेताना ‘ब्लॉक कोणता?’ यासोबत आणखी एक प्रश्न विचारा, ‘भिंत कोरडी राहावी म्हणून काय केलंय?’