लिफ्टमधला कुत्रा आणि माझी सही



आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर नऊ वर्षांचा एक मुलगा राहतो. ऑटिझम आहे त्याला. दर गुरुवारी दुपारी चारला एक बाई थेरपीचा कुत्रा घेऊन त्याच्याकडे येतात. कोणाच्या नजरेला नजर न देणारं हे पोर त्या कुत्र्याला ब्रशने विंचरतं आणि मोठ्याने दहापर्यंत आकडे म्हणतं. आणि आम्ही बायकांनी काय केलं? 'कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ नये, शुद्धी राहत नाही' असा अर्ज कमिटीला दिला. त्यावर माझीही सही आहे. बी.कॉम. झालेली बाई, पण कागद न वाचता सही केली!

आता वाचला. शुद्धी पाळायची ती चौक्यात. महाराजांचा आहार काही लिफ्टमध्ये होत नाही. अभिषेकाला जाणारे सकाळी सातला जातात, कुत्रा चारला येतो. मग बाटतं काय?

जीवंधरकुमारांची गोष्ट आपण पाठशाळेत सांगतो. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी मारलेल्या कुत्र्याला त्यांनी शेवटच्या घटकेला णमोकार ऐकवला आणि तो यक्षदेव झाला. आमचा अर्ज त्या गोष्टीत कोणाच्या बाजूचा, ते तुम्हीच ठरवा.

एक ताई म्हणाल्या, "मुक्या जीवाला कामाला लावणं हीच हिंसा." हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण अहिंसाणुव्रताचे अतिचार आठवा: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. जनावर पाळूच नका, असं त्यात कुठे आहे? जखडू नका, मारू नका, अवयव कापू नका, झेपणार नाही इतकं ओझं लादू नका, उपाशी ठेवू नका, एवढंच आहे. चांगली थेरपीही अशीच चालते; कुत्रा थकला की काम थांबवायचं. मीनल कवीश्वर यांची ॲनिमल एंजल्स फाउंडेशन विशेष मुलांसाठी हे काम करते. आपण मात्र त्या जिवाला पाच जिने चढायला लावून मग मुलाजवळ बसवणार. अतिभार कोणी लादला?

बरं, कायदाही आपल्या बाजूने नाही. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करू नये, असं केंद्राच्या जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सोसायट्यांना सांगितलं आहे. बहुमताचा ठरावही तिथे चालत नाही.

रविवारी अकराला मीटिंग आहे. मी सही मागे घेणार आहे. ज्यांनी माझ्याच ओट्याशी उभं राहून, चहा पीत त्या कागदावर सह्या केल्या, त्यांनीही यावं. पेन मी आणते.