रान राखणाऱ्याला अभय हवे

पावसाळा ओसरून दसरा-दिवाळी उलटली, की पेडणे तालुक्यात झाडांच्या सौद्यांचा हंगाम सुरू होतो. मांद्रेसारख्या गावात डोंगरउतारावर कुणाचे दोन एकर, कुणाचे पाच एकर असे खासगी रान असते. खालच्या अंगाला काजू, बांधाला आंबा-फणस, वर सड्याच्या कडेला किंदळ, ऐन, सागवान, आणि मोकळी जागा उरली असेल तेथे अकेशिया, असा त्याचा साधारण नकाशा. घराचे छप्पर बदलायचे असो वा मुलीचे लग्न असो, या रानातील चार झाडे कुटुंबाच्या मदतीला येत. पूर्वी अशा वेळी अंगणात लाकडाचा व्यापारी येई. आता त्याच्या पाठोपाठ जमिनीचा दलालही येतो. पहिला उभ्या झाडांची किंमत करतो, दुसरा झाडे नसलेल्या जमिनीची; आणि दुसऱ्याने सांगितलेला आकडा पहिल्याच्या आकड्याहून इतका मोठा असतो की, रान राखण्याचा निर्धार केलेल्या माणसाचाही पाय डळमळावा. आजच्या गोव्यात खासगी रानाचे भवितव्य या दोन आकड्यांमधील अंतरावर अवलंबून आहे, आणि हे अंतर कमी करण्याचा विचार मात्र कोणीच गंभीरपणे केलेला नाही.

हा प्रश्न केवळ काही बागायतदारांचा नव्हे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांप्रमाणे गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटर भूमीपैकी सुमारे ६० टक्के भूमी वृक्षाच्छादित आहे. परंतु सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेले क्षेत्र एकूण भूमीच्या सुमारे एक तृतीयांशच भरते. या दोन आकड्यांतील तफावतीचे रहस्य साधे आहे. एक हेक्टर वा त्याहून मोठ्या जागेवर झाडांची छाया १० टक्क्यांहून अधिक असली, की सर्वेक्षणात ती जागा वनाच्छादनात मोडते. जमीन कोणाची आणि झाड काजूचे की किंदळाचे, हे तेथे पाहिले जात नाही. म्हणजे ज्या हिरवाईचा अभिमान आपले राज्यकर्ते व्यासपीठावरून मिरवतात, तिचा फार मोठा वाटा खासगी मालकांच्या आणि कोमुनिदादींच्या जमिनीवर उभा आहे. ती हिरवाई सरकारने लावलेली नाही, तिची राखण सरकार करीत नाही, आणि ती राखणाऱ्याच्या पदरी सरकार काही टाकतही नाही.

पदरी पडतो तो कायदा. गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा १९८४ साली झाला. खासगी जमिनीवरील झाड तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवे लावले पाहिजे, हे त्याचे सूत्र. हेतू निःसंशय उदात्त होता, आणि हा कायदा नसता तर गोव्याचे डोंगर केव्हाच उघडे पडले असते, हेही आम्ही मान्य करतो. परंतु दोन प्रकारच्या तोडींतील भेद त्याला ओळखता येत नाही. रानातील दाटी कमी करण्यासाठी, परिपक्व झाड काढून त्याच्या छायेखालच्या रोपाला उजेड देण्यासाठी केलेली तोड ही रानाची मशागत असते. जमीन मोकळी करून तेथे बंगले उठवण्यासाठी केलेली तोड हा रानाचा अंत असतो. दोन्ही अर्ज मात्र एकाच टेबलावर, एकाच नमुन्यात जातात. त्यातही गंमत अशी की, मोठ्या अर्जदारापाशी वकील आणि सल्लागार असतात, तर फणसाच्या दोन झाडांसाठी अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्या बागायतदाराला हेलपाटे घालून चपला झिजवाव्या लागतात. मोपाच्या पठारावर विमानतळ व्हायचा होता तेव्हा पन्नास हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये पर्यावरण परवाना स्थगित झाला, २०२० मध्ये स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. विमानतळाची गरज होती की नव्हती, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. पण त्याच तालुक्यातील सामान्य माणसाने त्यावरून कोणता धडा घेतला असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

नारळाच्या झाडाची कथाही बोधप्रद आहे. २०१६ साली सरकारने कायद्यात दुरुस्ती करून माडाला 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळले. जुने माड तोडण्यासाठी बागायतदाराला होणारा त्रास वाचावा, असे कारण देण्यात आले. त्रास खरा होता. पण एकदा दार उघडले की त्यातून बागायतदाराआधी बांधकामवाला आत शिरेल, ही जनतेची भीतीही तितकीच खरी होती. राज्यभर गदारोळ झाला आणि २०१७ साली माडाला संरक्षण परत मिळाले, इतकेच नव्हे तर राज्यवृक्षाचा मानही मिळाला. मान मिळाला, पण किडलेला माड काढू पाहणाऱ्या बागायतदाराचा मूळ त्रास जागच्या जागीच राहिला. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक या दोन टोकांच्या मध्ये काही असू शकते, याचा विचार त्या वेळी झाला नाही. आजही होत नाही.

याहून गुंतागुंतीचा आहे 'खासगी वना'चा प्रश्न. गोदावर्मन खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वन म्हणजे शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वन; मालकी कोणाची, हा प्रश्न गौण. त्यानुसार गोव्यात प्रथम सावंत आणि नंतर करापूरकर समिती नेमण्यात आली व दोहोंनी मिळून सुमारे ६७ चौरस किलोमीटर खासगी वन निश्चित केले. ७५ टक्के वन्य जातींची झाडे, किमान पाच हेक्टर सलग क्षेत्र आणि किमान ४० टक्के छाया हे त्यासाठीचे निकष. पुढे आणखी समित्या झाल्या, हरित लवादापुढे दावे झाले, आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच निकष कायम ठेवले. न्यायालयीन दृष्टीने विषय मिटला. परंतु गावातील मनुष्याच्या मनात तो मिटलेला नाही. आपले रान दोन एकरांचे असले तरी शेजाऱ्यांची राने मिळून सलग पाच हेक्टर भरली तर काय, छाया दाट होत गेली तर काय, ही शंका त्याला पोखरते. एकदा वन ठरले की आपल्याच जमिनीत आपल्याला कोयता घेऊन जाण्याची चोरी, अशी त्याची समजूत झाली आहे. मग किंदळाचे रोप वर येताच ते छाटून टाकायचे, रान कधी दाट होऊ द्यायचे नाही, हा मार्ग त्याला शहाणपणाचा वाटू लागतो. जो रान वाढवील तो अडकेल आणि जो साफ करील तो सुटेल, असा संदेश कायद्याने नकळत दिला असेल, तर दोष केवळ मालकाच्या लोभाला देऊन चालणार नाही.

दुसरीकडे, जमीन रूपांतराच्या वाटा मात्र प्रशस्त होत गेल्या. भातशेती परक्या हातात जाऊ नये म्हणून २०२३ साली कायदा झाला, हे योग्यच. पण तो प्रामुख्याने भातशेतीच्या जमिनीपुरता आहे, डोंगरउतारावरील रान त्यात येत नाही. त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून प्रादेशिक आराखड्यातील 'चुका' दुरुस्त करण्याची सोय झाली, आणि २०२४ मध्ये ३९-अ हे कलम आले. १७(२) खालील नियम २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले खरे. परंतु दरम्यानच्या काळात किती मालकांच्या मनात 'आज ना उद्या आपलेही रूपांतर होईल' ही आशा रुजली, याची मोजदाद कोण करणार?

तेरेखोल नदीपलीकडचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. सिंधुदुर्गातही रानांचा फार मोठा भाग खासगी मालकीचा. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उभी राने ठेकेदारांना विकली गेली आणि अनेक ठिकाणी त्यांच्या जागी रबराची लागवड आली. अखेर २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या पट्ट्यात वृक्षतोडीस बंदी घातली. ती आवश्यक होती, कारण रोगच तेवढा बळावला होता. पण बंदी हे औषध आहे, आहार नव्हे. केवळ बंदीवर रान पिढ्यान्‌पिढ्या जगत नाही. त्याला राखणारा माणूस जगावा लागतो.

तो जगावा कसा? उत्तर नवे नाही. जुन्या जाणत्या बागायतदारांना ते ठाऊक आहे. रानाची दरवर्षीची वाढ हे व्याज आणि उभे रान हे मुद्दल. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. लागवडीच्या सागाचे पाच एकर असतील तर त्याचे दहा भाग करावेत आणि दर दोन वर्षांनी एकच भाग तोडावा; पहिल्या भागाकडे परत येईपर्यंत वीस वर्षे लोटतात, आणि तोवर खुंटाला फुटलेल्या कोंबांतून नवे रान उभे राहते. मिश्र रानात तर तुकडा साफ करण्याचा प्रश्नच नाही. तेथे वाकडे, रोगट वा पूर्ण वाढलेले झाड आधी हेरून, खूण करून तेवढेच काढावे. प्रत्येक जातीची चांगली बीज देणारी झाडे राखून ठेवावीत. खुंट जमिनीलगत आणि तिरपा तोडावा, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही. ओहोळाच्या दोन्ही काठांवरील झाडांना हात लावू नये. लाकूड ओढून काढण्यासाठी उतारावर यंत्राने रस्ता खणू नये. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि जांभ्यावरील मातीचा थर इतका पातळ आहे की एका मृगात तो ओहोळातून खाली शेतात आणि विहिरीत येतो. तोडीचा पालापाचोळा व फांद्या उन्हाळ्यापूर्वी हलवाव्यात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि राज्यात इतरत्र पेटलेल्या वणव्यांनी सुका पाचोळा काय करू शकतो, हे दाखवून दिलेच आहे.

हे सर्व करणाऱ्याला बाजारात न्याय मिळाला पाहिजे. आज लहान मालक उभ्या रानाचा उक्ता सौदा करतो. झाडाचा घेर किती, लाकूड किती घनफूट भरेल, याचा हिशेब ठेकेदारापाशी असतो, मालकापाशी नाही. काजू आणि सुपारीच्या बाबतीत गोवा बागायतदार संस्थेने सहकाराच्या बळावर मालकाला दराची हमी दिली; लाकडासाठी पेडणे-डिचोली भागात असे काही का उभे राहू नये? दहा-वीस मालकांनी एकत्र येऊन मोजणी, तोड आणि विक्री केली, तर दलालाच्या आकड्यासमोर टिकाव धरण्याची थोडी तरी ताकद त्यांना येईल.

सरकारचे कर्तव्य यापुढचे आहे. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये शेतजमिनीवरील झाडांच्या तोडीसाठी आदर्श नियमावली राज्यांना पाठवली. लागवडीची आधी नोंदणी आणि नोंदणीच्या आधारे तोडीची परवानगी, हे तिचे तत्त्व. गोव्याने ते जसेच्या तसे न उचलता आपल्या भूमीला साजेसे करून घ्यावे. जो मालक आपल्या रानाचा वीस वर्षांचा तोडीचा आराखडा दाखल करील, त्याला आराखड्यातील तोडीसाठी दरवेळी हेलपाटे पडू नयेत. वनखात्याने ठराविक मुदतीत पाहणी करावी आणि मोकळे व्हावे. मात्र त्याच्या बदल्यात ती जमीन त्या वीस वर्षांत रानच राहील, अशी नोंद एक-चौदाच्या उताऱ्यावर चढली पाहिजे, आणि जमीन विकली तरी ती नोंद नव्या मालकाला बांधील.

पळवाटेची शंका येथे कोणीही घेईल, आणि ती रास्त आहे. माडाच्या वेळी जनता ज्यासाठी उठली, ते विसरून चालणार नाही. म्हणूनच सवलत तोडीला नव्हे, राखणीला जोडलेली असावी. उताऱ्यावर नोंद नाही तर सवलत नाही, इतका सरळ हा व्यवहार आहे. ज्याला भूखंड पाडायचे आहेत तो या दाराने आत येणारच नाही. त्यासोबत कायद्यातच सांगितलेली झाडांची गणना गावागावांत खरोखर व्हावी आणि आराखडे ग्रामसभेपुढे उघडे असावेत. डोंगर साफ करणारी तोड मात्र आजच्याहून कठोरपणे रोखली जावी. तिच्या दंडाची रक्कम भूखंडाच्या किमतीशी निगडित असावी, झाडाच्या नव्हे.

१९६१ साली हा प्रदेश मुक्त झाला तेव्हा कसणाऱ्याला जमीन मिळावी, हे स्वप्न होते, आणि कूळकायद्याने ते काही अंशी साकारही झाले. त्या जमिनीवर राखलेले रान आज कूळाच्या नातवाला ओझे वाटू लागले आहे. त्याने ते विकले तर आपण त्याला दूषणे देऊ. पण त्याने ते राखावे असे आपण त्याला आजवर काय दिले, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. येत्या हंगामात मांद्रेच्या अंगणात पुन्हा दोघे येतील. त्यांच्या आधी सरकारचा माणूस आराखड्याचा कागद घेऊन पोचावा, एवढीच आमची मागणी आहे.