कॅमेरा कोठडीतही हवा

शांतता समितीच्या बैठकीत साहेबांनी कागद पुढे केला. ड्रोन, नवी गाडी, मोहल्ल्याच्या चौकात कॅमेरे. जिल्हा नियोजन समितीकडे निधी मागायचा होता, शिफारशीला आमच्या सह्या हव्या होत्या. मी विचारले, "ठाण्याच्या आतले कॅमेरे यात कुठे आहेत?" साहेब नुसते हसले. मी सही केली नाही.

पोलिसांच्या साधनांना माझा विरोध नाही. मोडक्या गाडीतून रात्रभर गस्त घालणारा शिपाईही आपल्यातलाच आहे. पण २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितले की प्रत्येक ठाण्यात, कोठडीतही, आवाज टिपणारे आणि अंधारात दिसणारे कॅमेरे लावा. चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर जपा. पैसाही सरकारांनीच द्यायचा आहे. तरी २०२५ मध्ये ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची कोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

परभणीचा ख्वाजा युनूस २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. "पळून गेला," असे सांगण्यात आले. मृतदेह घरच्यांना आजवर मिळालेला नाही. कोठडीत काय घडले ते सांगायला उरला सहआरोपीचा शब्द. चित्रण नसले की न्याय असा वर्षानुवर्षे लोंबकळतो.

बांधवांनो, तुमच्याकडे असा कागद आला तर आधी यादी वाचा. पहिल्या ओळीत कोठडीचा कॅमेरा लिहून घ्या, मग खुशाल सही करा. चौकात आमच्यावर नजर ठेवायची असेल, तर कोठडीत आमची नजरही सोसावी लागेल.