वाचणारा लिहिता होतो तेव्हा

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. आपल्या नवजात मुलाला मारल्याचा आरोप शाबीत झाला आणि तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करून काळ्या पाण्याची करण्यात आली. वर्तमानपत्रांतून या प्रकरणाची बरीच चर्चा झाली आणि ‘पुणेवैभव’ने त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवरच कोरडे ओढले. तो मजकूर वऱ्हाडात, बुलढाण्यात, ताराबाई शिंदे यांच्या वाचनात आला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांच्यामुळे ताराबाईंना मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीचीही ओळख झाली होती. वाचलेल्या मजकुराला उत्तर द्यायचे म्हणून त्यांनी लिहायला घेतले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून बाहेर पडले. प्रती ५००.

वाचन, लेखन आणि विचार यांचे नाते हे आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचे सूत्र आहे, आणि ते ठरवताना आमच्या मनात सर्वांत आधी हेच छोटे पुस्तक होते. आपण सहसा असे धरून चालतो की माणूस आधी वाचतो, मग विचार करतो, विचार पक्का झाला की शेवटी तो कागदावर उतरवतो. ताराबाईंचे पुस्तक वाचताना हा क्रम टिकत नाही. आपल्याला काय म्हणायचे आहे हे त्यांना लिहिता लिहिता कळत गेले आहे, हे पानापानावर जाणवते. सुरुवात होते एका वर्तमानपत्राला दिलेल्या संतप्त उत्तराने. पाहता पाहता त्या पुराणांपाशी पोहोचतात, तिथून त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांपाशी आणि तिथून घराघरांतल्या नवऱ्यांपाशी.

सावित्रीची कथा घ्या. वटपौर्णिमेला ती महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. ताराबाईंनीही ती लहानपणापासून ऐकली असणार. लिहायला बसल्यावर मात्र त्यांना त्याच कथेत एक प्रश्न सापडला. नवऱ्याचे प्राण परत आणायला सावित्री थेट यमापर्यंत गेली. बायकोच्या प्राणांसाठी एखादा नवरा असा यमाच्या दारी गेल्याचे कोणी कधी ऐकले आहे का? कथेतले काही बदललेले नाही, तरी ती कथा पुन्हा पूर्वीसारखी ऐकता येत नाही. ऐकताना किंवा भराभर वाचताना गोष्ट आपल्याला पुढे ओढत नेते, मध्ये थांबू देत नाही. लिहिणाऱ्याला थांबावेच लागते. एक वाक्य संपले की पुढचे कोणते, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते, आणि त्या थांबण्यात, जिथे आजवर काहीच खटकले नव्हते तिथे, खटकू लागते. ताराबाईंना जे सुचले ते अशा थांबण्यात सुचले असावे, असे आम्हाला वाटते.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पुढे मात्र हे पुस्तक विस्मरणात गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला माहीत नाही. त्या लिहीत राहिल्या असत्या तर कुठवर पोहोचल्या असत्या, ही हळहळ आम्हाला दरवेळी वाटते.

त्यांच्याही सत्तावीस वर्षे आधी, फेब्रुवारी-मार्च १८५५ मध्ये, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत एक निबंध आला होता. लिहिणारी मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. मांग समाजातली ही मुलगी जेमतेम तीन वर्षे शिकली होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या त्या निबंधात वेदनेचे वर्णन आहेच, पण त्यातली तर्काची बांधणी आजही थक्क करते. वेद आमचेच, असे ब्राह्मण म्हणतात. आम्हाला तो ग्रंथ पाहण्याचाही अधिकार नाही. म्हणजे आम्हाला धर्मपुस्तकच नाही. ज्यांना धर्मपुस्तक नाही त्यांना धर्म तरी कुठला? आणि मग ती देवालाच विचारते, आमचा धर्म कोणता ते सांग. वाचायची बंदी हीच तिने आपल्या युक्तिवादाची पहिली पायरी केली. हे दुःख तिच्या आधी हजारो माणसांनी भोगले होते आणि आपसांत बोलूनही दाखवले असेल. कागदावर एकाखाली एक वाक्य मांडता येऊ लागले तेव्हा त्या दुःखातून एक असा प्रश्न तयार झाला की ज्याला उत्तर देणे कोणालाच सोपे नव्हते. ज्यांनी शतकानुशतके अक्षर राखून ठेवले त्यांना अक्षराची ही ताकद नीट माहीत असावी.

लिहिण्याने विचार घडतो, इतके यावरून दिसते. लिहिण्याने वाचनही बदलते. त्यासाठी आणखी तीनशे वर्षे मागे, पैठणला जावे लागेल.

ज्ञानदेवांची ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला पूर्ण झाली. पुढची सुमारे तीनशे वर्षे ती हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून आणि पाठांतरातून फिरत राहिली. नकलकाराला शब्द कळला नाही की तो ओळखीचा शब्द घालतो. एखाद्या भाविकाला स्फुरलेली ओवी समासात लिहिली जाते आणि पुढच्या नकलेत ती मूळ ग्रंथात शिरते. पैठणच्या एकनाथांच्या हाती आली ती अशी ज्ञानेश्वरी. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या गळ्याला लागल्याची आणि ती काढायला नाथ आळंदीला गेल्याची आख्यायिका मराठी माणसाला ठाऊक असते. आम्हाला त्या आख्यायिकेइतकेच त्यामागचे कष्ट मोलाचे वाटतात.

छापील प्रत नाही, तीन शतकांपूर्वीच्या मराठीचा कोश नाही. समोर एकमेकींशी न जुळणाऱ्या पोथ्या. यातली खरी ओवी कोणती आणि मागून घुसलेली कोणती, हे ठरवायचे कशाच्या आधारावर? तारखा पाहिल्या तर थोडा उलगडा होतो. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची आपली टीका, जिला आपण ‘एकनाथी भागवत’ म्हणतो, ती नाथांनी १५७३ साली वाराणसीत पूर्ण केली. अठरा हजारांहून अधिक ओव्या लिहून झाल्या होत्या, त्यानंतर अकरा वर्षांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत आली. ओवी कुठे वळते, कुठे दम घेते, एखादा शब्द अर्थासाठी आला आहे की नुसते यमक भागवायला, हे ज्याच्या हाताला वर्षानुवर्षांच्या लिहिण्याने कळले होते, तो माणूस ज्ञानेश्वरी वाचत होता. नुसत्या भक्तीने वाचणाऱ्याला उपरी ओवी कदाचित गोडच वाटली असती. आणि नाथांचा संयम पाहा. स्वतः उत्तम ओवी रचू शकणाऱ्याला दुसऱ्याच्या ग्रंथात एखादी जागा सुधारण्याचा मोह होणे साहजिक आहे. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी उलट बजावून ठेवले आहे की ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो. जगातल्या कोणत्याही संपादकाने हे वाक्य टेबलासमोर लावून ठेवावे.

इथे बहिणाबाई चौधरींचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही. खानदेशातल्या आसोद्यात जन्मलेल्या, जळगावात शेतात आणि घरात राबलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या गाण्यांतला विचार मात्र पुष्कळ पदवीधरांना पेलणार नाही असा आहे. अक्षरओळख नसेल तर विचार नाही, असे कोणी म्हणत असेल तर बहिणाबाई त्याला पुरेसे उत्तर आहेत. कीर्तन, पोथीश्रवण, माणसांचे वागणे, पेरणी-कापणी हे सगळे त्यांनी बारकाईने टिपले आणि घरकाम करता करता मनात रचले. तरीही ती गाणी आपल्यापर्यंत पोहोचली ती घरच्यांनी ऐकून उतरवून ठेवली म्हणून, आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्र्यांना दाखवली म्हणून. १९५२ साली पुस्तक निघाले तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. लिहून न ठेवलेल्या अशा किती बहिणाबाई गेल्या असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

आज अक्षर सर्वांसाठी खुले आहे, आणि तरी आम्हाला काळजी वाटते. आपल्या शाळांत वाचन एकीकडे, निबंध दुसरीकडे आणि विचार कुठेच नाही, अशी फाळणी होऊन बसली आहे. धडा वाचायचा तो प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी, उत्तर लिहायचे ते गाईडमध्ये असेल तसे, आणि ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध वर्गातल्या सगळ्यांचा सारखाच. परीक्षेत गुण मिळतात, पण स्वतःचे एक वाक्य लिहिल्याचा अनुभव दहावीपर्यंत अनेक मुलांना एकदाही मिळत नाही. आता त्यात भर म्हणून यंत्रे आली आहेत. विषय सांगितला की निबंध तयार, पुस्तकाचे नाव सांगितले की सारांश हजर. सरकारी कचेरीत अर्ज करताना अडणाऱ्या माणसाला या यंत्रांचा आधार वाटत असेल तर आम्हाला त्याचा आनंद आहे. शिकणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याने निबंध लिहायचा तो लिहिताना त्याच्या मनात काही घडावे म्हणून, आणि ते घडणे दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. मुक्ता साळवेला कोणी तयार निबंध दिला असता तर तो कदाचित अधिक सफाईदार असता. त्यात तिचा प्रश्न नसता.

एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहून काढणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पालकांनी आणि शिक्षकांनी उद्यापासून करून पाहावे इतके हे सोपे आहे: मुलाने पान वाचले की पुस्तक मिटायला सांगा आणि त्याच्या शब्दांत चार ओळी लिहायला सांगा. शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी काढू नका.

संपादनाच्या कामात आम्ही हेच मोठ्यांच्या बाबतीत पाहतो. लेख आला की आम्ही समासात बहुधा एकच प्रश्न लिहितो: हे तुम्हाला कशावरून वाटते? काही लेखक रागावतात, आणि ते स्वाभाविक आहे. बरेचजण पुन्हा पुस्तकांकडे वळतात, गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलतात, जुनी कागदपत्रे काढतात, आणि लेख परत येतो तेव्हा काही वेळा त्यातले मत पालटलेले असते. यंदाच्या अंकातल्या एका लेखाचा शेवट असा खर्डा बदलता बदलता पहिल्या शेवटाच्या अगदी विरुद्ध झाला. लेखिकेने तसे लेखातच मोकळेपणाने सांगितले आहे. तो लेख आम्हाला या अंकात सर्वांत प्रिय आहे.

दिवाळी अंक ही परंपराही एका वाचकाची देणगी आहे. काशिनाथ रघुनाथ आजगावकर बंगाली साहित्यात इतके रमले की त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली वळणाचे आडनाव घेतले. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक त्यांनी पाहिले होते. आपल्या वाचकाला दिवाळीत असे काही का मिळू नये, या विचारातून १९०९ साली त्यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला, आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक असलाच पाहिजे अशी सवय मराठी घरांना लागली. परदेशी गेलेली मुलेही तो टपालाने मागवतात.

त्या सवयीच्या जोरावर आम्ही यंदा वाचकांकडे एक मागणी करतो आहोत. अंकाची शेवटची चार पाने आम्ही मुद्दाम कोरी ठेवली आहेत. कागदाचे भाव पाहता ही उधळपट्टी वाटेल, पण जाहिरातदाराला नकार देऊन आम्ही ती राखली. अंक वाचताना जे खटकेल, पटेल, आठवेल, ते हाताने तिथे लिहा. मग त्यातले आम्हाला सांगावेसे वाटेल ते पत्राने कळवा. पत्ता अनुक्रमणिकेच्या पानावर आहे. पत्र कितीही लांब चालेल. मतभेदाचे असेल तर विशेष स्वागत आहे. लेखातल्या कोणत्या वाक्यावरून मतभेद झाला ते पानाच्या क्रमांकासह लिहा. निवडक पत्रे पुढच्या दिवाळीच्या अंकात छापू, आणि ज्या लेखकाला उद्देशून ती असतील त्याचे उत्तरही सोबत छापू.



— संपादक