सुकाणूवरचा माणूस
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वसतिगृहात गेल्या वर्षी एक वाद झाला. विषय तसा परका, दूरचा. पण रात्री साडेदहाला सुरू झालेला हा वाद रेक्टर सर दाराशी येऊन उभे राहीपर्यंत चालला. विषय होता ‘स्टारफ्लीट’. वाचकांपैकी अनेकांना हे नाव ठाऊक नसेल, म्हणून आधी ते सांगतो.

१९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. जीन रोडनबेरी हे तिचे जनक. काळ तेविसाव्या शतकातला. पृथ्वीवरचे दारिद्र्य सरले आहे, माणसामाणसांतली युद्धे थांबली आहेत, कातडीचा रंग कोणी विचारीत नाही. अनेक ग्रहांचे मिळून एक संघराज्य झाले आहे आणि त्याचे एक अंतराळ-आरमार आहे. ते स्टारफ्लीट. हे लष्कर की संशोधनसंस्था, यावर मालिकेचे भक्त अजून भांडतात. माझ्यापुरता मी निकाल लावून टाकला आहे. जिथे कॅप्टन, कमांडर, ॲडमिरल असे हुद्दे आहेत, जहाजावर शस्त्रे आहेत आणि हुकूम मोडला तर कोर्ट मार्शल होते, ते लष्करच. पुढे या मालिकेतून आणखी मालिका निघाल्या, सिनेमे निघाले. आमच्या खोलीतल्या एका मित्राने त्या सर्व लॅपटॉपवर साठवून ठेवल्या आहेत, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या पाहण्याचा आमचा रिवाज आहे.

तर वाद असा होता : या भविष्यातल्या लष्करात समलिंगी माणसाला स्थान आहे की नाही? शेकडो भाग पाहिले, तरी कित्येक वर्षांच्या भागांत तसा एकही अधिकारी, एकही खलाशी दिसत नाही. यावर माझा मित्र म्हणाला, “अरे, तेविसावं शतक आहे ते. तिथे कुणाला त्याचं काही वाटतच नाही. म्हणून तर विषय निघत नाही.”

युक्तिवाद मोठा देखणा आहे. ऐकणाऱ्याचे तोंड बंद होते. माझेही झाले. मला उत्तर नेहमी दुसऱ्या दिवशी सुचते. (आमच्या घरी वादविवादाची सवय नाही. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. तिथे वाद फार लवकर मिटतो.) आता वर्ष उलटून गेल्यावर ते उत्तर इथे छापून देतो आहे, एवढाच माझा सूड.

मित्रहो, तेविसाव्या शतकात कोणी रंगभेद मानीत नाही, असेही त्या मालिकेचे म्हणणे होतेच. मग ‘कोणी मानीत नाही, तेव्हा दाखवायचे कशाला’ असे म्हणून रोडनबेरी यांनी जहाजावर सगळे गोरेच बसवले का? नाही. १९६६ च्या अमेरिकेत, जिथे नागरी हक्कांचा कायदा होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, तिथे त्यांनी ऊहुरा नावाची काळी स्त्री अधिकारी म्हणून कॅप्टनच्या पाठीमागे बसवली आणि सुलू नावाचा आशियाई वंशाचा अधिकारी सुकाणूवर बसवला. ऊहुराचे काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाल्या होत्या. त्या वेळी खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवले, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. काळ्या माणसांना तिथे आपण दिसतो आहोत, ते दिसणे थांबता कामा नये, असा किंग यांचा आग्रह होता. म्हणजे समता आहे असे नुसते गृहीत धरून भागत नाही, ती खुर्चीवर बसलेली दिसावी लागते, हे त्या लेखकांना चांगलेच ठाऊक होते. एका बाबतीत ठाऊक होते आणि दुसऱ्या बाबतीत मात्र ‘कुणाला काही वाटत नाही’!

हे मला इतके का टोचले, तेही सांगायला हवे. आपल्या मुख्य इमारतीच्या जिन्याजवळ सोनेरी अक्षरांचा फलक आहे. प्रथम वर्षाला प्रवेश घेतला त्या दिवशी शुल्काच्या रांगेत उभ्या उभ्या मी तो वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला. आमच्या वस्तीतली आडनावे त्यात नव्हती. कोणी मज्जाव केला होता का? मुळीच नाही. नियमात तसे कुठेही लिहिलेले नाही. पण ‘मज्जाव नाही’ आणि ‘जागा आहे’ या दोहोंतले अंतर किती असते, ते त्या रांगेत मला पायांनी समजले. असो.

आता त्या सुकाणूवरच्या माणसाकडे वळतो. सुलूची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई हे स्वतः समलिंगी आहेत. त्यांनी ते जाहीर केले २००५ साली, म्हणजे मालिका सुरू झाल्यावर एकोणचाळीस वर्षांनी. त्या काळात रोडनबेरी यांच्याकडे आपण हा विषय काढून पाहिला होता (स्वतःविषयी न बोलता), असे टाकेई सांगतात. रोडनबेरी यांना सहानुभूती होती. पण १९६८ साली कॅप्टन कर्क आणि ऊहुरा यांच्या चुंबनावरूनच एवढा गहजब झाला होता की याहून पुढे गेलो तर मालिकाच बंद पडेल, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. ती भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण जरा विचार करा : भविष्यातल्या त्या जहाजावर समलिंगी माणूस नव्हताच, असे नाही. तो पहिल्या हंगामापासून होता. जहाज तोच चालवीत होता! फक्त त्याने ते कोणाला सांगायचे नव्हते.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती फारशी अभिमानास्पद नाही. १९८७ साली दुसरी मालिका सुरू झाली, तेव्हा डेव्हिड गेरॉल्ड या लेखकाने एक कथा लिहिली. तिच्यात जहाजावर दोन पुरुषांचे जोडपे होते आणि एड्सच्या भयाचे रूपक होते. ती कथा चित्रित झाली नाही. गेरॉल्ड मालिका सोडून गेले. १९९१ मध्ये एका भागात जहाजाची डॉक्टर एका परग्रहवासीयावर प्रेम करते. त्याचा जीव एका शरीरातून दुसऱ्यात घालता येतो. पण नवे शरीर स्त्रीचे निघताच डॉक्टरीणबाई माघार घेतात. १९९२ मध्ये ‘द आउटकास्ट’ नावाचा भाग आला. तिथे एका ग्रहावर स्त्री-पुरुष हा भेदच नाही, आणि जो स्वतःला स्त्री किंवा पुरुष समजेल त्याच्यावर ‘उपचार’ केले जातात. आपल्या जहाजाचा अधिकारी रायकर अशाच एका व्यक्तीच्या प्रेमात पडतो. कल्पना धीट आहे आणि शेवट तर अंगावर येतो. पण त्या ग्रहावरच्या सर्व भूमिका स्त्रियांना दिलेल्या! रायकरचे काम करणारे जोनाथन फ्रेक्स यांनीच पुढे म्हटले की समोर पुरुष नट हवा होता. त्यांचे खरे आहे. रूपकाच्या पडद्याआडून एवढे बोलायचे आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांना मात्र नेहमीचेच नायक-नायिका दाखवायचे, याला धीटपणा म्हणावे की धोरण?

मला सर्वांत आवडलेला भाग १९९५ चा, ‘रीजॉइन्ड’. त्यात स्टारफ्लीटची अधिकारी जॅडझिया डॅक्स हिला आपले मागच्या जन्मीचे माणूस भेटते. (मागचा जन्म म्हटल्यावर आपल्याला कथा लगेच कळते, अमेरिकन प्रेक्षकाला बरेच समजावून सांगावे लागले असेल.) त्या दोघी त्या जन्मी पतिपत्नी होत्या; आज दोघीही स्त्रिया आहेत. त्यांच्या समाजात मागच्या जन्मीचे नाते पुन्हा जोडणे हा घोर अपराध, त्याला शिक्षा हद्दपारीची. साऱ्या भागात सर्वांना चिंता आहे ती या नियमाची. त्या दोन स्त्रिया आहेत, याविषयी स्थानकावरचा एकही माणूस एक शब्द काढीत नाही. माझ्या मित्राचा युक्तिवाद इथे मात्र मला मान्य आहे. इथले मौन खरे मौन आहे, कारण माणसे समोर उभी आहेत. माणसेच नसताना पाळलेल्या मौनाला काय किंमत? (आपल्या तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ सालीच रंगभूमीवर आले होते, हे जाता जाता सांगून ठेवतो. कोणाच्याही पुढे असल्याचा अभिमान आपल्याला क्वचितच मिळतो.)

आता तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. ब्रिटनने आपल्या सैन्यातली समलिंगींवरची बंदी उठवली जानेवारी २००० मध्ये. अमेरिकेत १९९३ साली कायदा झाला त्याचे नावच ‘विचारू नका, सांगू नका’ असे पडले. त्याखाली १३,००० हून अधिक सैनिकांना घरी जावे लागले, आणि २० सप्टेंबर २०११ रोजी तो संपला. स्टारफ्लीटमध्ये मात्र सुलूला नवरा आणि मुलगी आहे, हे एका सिनेमात ओझरते दिसले ते २०१६ साली. तेही इतके ओझरते की पापणी लवली तर चुकावे. (टाकेई यांना हा बदल रुचला नाही; जुन्या पात्राला बदलण्यापेक्षा नवे पात्र निर्माण करायला हवे होते, असे ते म्हणाले. एवढी वर्षे गप्प राहिलेल्या माणसाला त्याविषयी तक्रार करण्याचा हक्क आहे, असे मला वाटते.) आणि डॉ. कल्बर व स्टॅमेट्स हे दोन पुरुष पती-पती म्हणून मालिकेत प्रमुख पात्रे झाले २०१७ मध्ये. म्हणजे जमिनीवरचे, आजचे, कायद्याने बांधलेले लष्कर अगोदर बदलले आणि तेविसाव्या शतकातले, कागदावरचे, ज्याला कोणाचीही परवानगी लागत नव्हती ते लष्कर पाच-सहा वर्षे मागून आले! याला कल्पनाशक्तीची उणीव म्हणता येणार नाही. ज्यांनी प्रकाशाहून वेगाने जाणारी जहाजे कल्पिली, त्यांना एका खोलीत राहणारे दोन पुरुष कल्पिता येत नव्हते? येत होते, गेरॉल्ड यांनी १९८७ सालीच ते लिहून दिले होते.

आपल्याकडे काय, असा प्रश्न साहजिकच येईल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. पुढच्याच जानेवारीत तत्कालीन लष्करप्रमुखांनी सैन्यात हे चालू दिले जाणार नाही, असे सांगितले. सैन्याला आपला स्वतंत्र कायदा आहे, १९५० चा. शिस्तीची गरजही मी समजू शकतो. पण २०२२ ची गोष्ट मला समजत नाही. ओनीर या दिग्दर्शकाने सैन्यातून बाहेर पडलेल्या एका समलिंगी मेजरच्या अनुभवावर आधारलेली पटकथा लिहिली, तिला संरक्षण मंत्रालयाने परवानगी नाकारली. सैन्यात नाही ते नाही. आपल्याकडे सैन्याच्या गोष्टीतही नाही.

या लेखाचा लेखकाशी काय संबंध, असेही कोणी विचारील. वसतिगृहात विचारून झालेच आहे, हसत हसत. मी त्याचे उत्तर देणार नाही. ‘छे, माझा काही संबंध नाही’ असे एक वाक्य लिहून मला मोकळे होता आले असते. दोनदा लिहून खोडले.

दिवाळीला थोरला चुलतभाऊ सुट्टीवर आला होता. तो फौजेत हवालदार आहे. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’च म्हणतात. रात्री माळवदावर झोपायला गेलो तेव्हा मी त्याला मोबाइलवर एक प्रसंग दाखवला. डॉ. कल्बर आणि स्टॅमेट्स आपल्या खोलीत आरशासमोर उभे राहून दात घासत आहेत आणि दिवसभराच्या कामाविषयी बोलत आहेत, एवढेच त्यात आहे.

“हे दोघं नवरा-बायको हायत?” दादाने विचारले.

“नवरा-नवरा.”

“आणि फौजेत?”

“फौजेतच.”

तो पुन्हा पाहू लागला. म्हणाला, “नुसते दात घासत्यात की.” मग बराच वेळ गप्प राहिला. मी विचारले, “दादा, तुमच्यात कुणी असं असलं तर?”

“आमच्यात तसलं काय नसतंय.” हे वाक्य मला पाठ होते. पण थोड्या वेळाने तोच म्हणाला, “एक पोरगं होतं. फायरिंगला पहिलं यायचं. कुणीतरी त्याचा मोबाइल बघितला. मग कोण त्याच्याशेजारी जेवायला बसंना. अर्ज दिला आणि गेलं घरी.”

“तू बसायचास?”

“तुझं चार्जिंग संपत आलंय,” दादा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

दोन दिवसांनी त्याला सोडायला स्टँडवर गेलो. ट्रंक टपावर चढवली, तो खिडकीत बसला. गाडी सुरू झाल्यावर त्याने मला जवळ बोलावले.

“तुझ्या त्या सिरियलमधला डॉक्टर. पुढं मारत्यात काय त्याला?”

मारतात, हे खरे आहे. २०१८ च्या जानेवारीत दाखवलेल्या भागात कल्बरचा खून होतो. पुढच्या वर्षी त्याला परत आणतात. मी तसे सांगितले.

“बरं केलं,” दादा म्हणाला, आणि गाडी निघाली.