परवाना गेला, अभ्यास तरी राहावा

मध्यमवर्गीय माणूस आयुर्विमा उतरवितो तेव्हा कंपनीचा ताळेबंद वाचत नाही. तो विमा-प्रतिनिधीच्या शब्दावर विसंबतो. त्या शब्दामागे ज्ञान आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ विमा-व्यवसायाचा नाही, तो समाजाच्या बचतीचा आहे.

विमा नियामक प्राधिकरणाच्या २००० सालच्या नियमांत या प्रश्नाला एक उत्तर होते. प्रतिनिधीचा परवाना तीन वर्षांचा असे आणि नूतनीकरणासाठी त्याला किमान २५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागे. २०१५ च्या दुरुस्ती कायद्याने ही व्यवस्था मोडीत निघाली. प्रतिनिधीची नेमणूक कंपनीकडे आली. प्रवेशाची परीक्षा राहिली. दर तीन वर्षांनी ओलांडावयाचा उंबरठा मात्र गेला.

जुनी पद्धत निर्दोष होती, असे नव्हे. तासांची मोजणी म्हणजे ज्ञानाची मोजणी नव्हे. हजेरीपटावरील सही आणि विषयाची समज यांतील अंतर शिक्षकांना सांगावयास नको. परंतु अभ्यास नाममात्र होत असेल, तर त्यावरील उपाय अभ्यास खरा करणे हा आहे. तो रद्द करणे हा नव्हे.

विम्याचा करार वीस-पंचवीस वर्षे चालतो आणि दरम्यान कायदा बदलत राहतो. पूर्वी दोन वर्षांनंतरही लबाडी सिद्ध करून कंपनी दावा नाकारू शकत असे. २०१५ पासून तीन वर्षे उलटल्यावर कोणत्याही कारणास्तव पॉलिसीला आव्हान देता येत नाही. मुदतीपूर्वी पॉलिसी मोडल्यास मिळणाऱ्या रकमेचे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून बदलले. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्यावर आला. २००५ साली परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रतिनिधीला यांतले काही ठाऊक नसेल, तर त्याची किंमत एखाद्या विधवेला मोजावी लागेल.

हे शिक्षण कंपन्यांनीच द्यावे, असे म्हटले जाते. वरकरणी ते रास्त वाटते. पण कंपनीच्या वर्गात साहजिकच विक्रीची कला आधी शिकविली जाते. जुन्या कायद्यात पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत दलाली देता येई, चौथ्या वर्षापासून केवळ ५ टक्के. विकणाऱ्याचा लाभ आरंभी आणि घेणाऱ्याची जोखीम अखेरीस, हे विमा-व्यवसायाचे जुने दुखणे आहे. ज्याचा लाभ विक्रीत आहे, त्यानेच ग्राहकाच्या हिताची परीक्षा घ्यावी, ही अपेक्षा भाबडी होय.

उपाय खर्चिक नाही. दर तीन वर्षांनी नियामकाच्या देखरेखीखाली, मराठीसह सर्व प्रादेशिक भाषांत, एक छोटी लेखी परीक्षा व्हावी. तीत बदललेले नियम, दाव्याची रीत आणि विमेदाराचे हक्क एवढेच असावे. खेड्यातील प्रतिनिधीवर हा बोजा ठरू नये म्हणून शुल्क कंपनीने भरावे आणि केंद्र तालुक्याच्या गावी असावे. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या बचतीविषयी सल्ला देणाऱ्याने तीन वर्षांतून एकदा पुस्तक उघडावे, ही मागणी अवास्तव खासच नाही.