करप्याला राज्याची हद्द कुठे?

तिळारीच्या पाण्याने दोडामार्ग, पेडणे आणि डिचोलीची शेती कालव्यांनी बांधली. भातावरचा करपा मात्र कालव्याची वाट बघत नाही. त्याचे बीजाणू वाऱ्यावरून हद्द ओलांडतात. ढगाळ हवा, रिमझिम, पानावर रात्रभर ओलावा मिळाला की बुरशी फोफावते. युरिया जास्त पडला तर विचारायलाच नको. मानेवर करपा आला की लोंबी पोचट.

गोव्यात वर्षानुवर्षे 'जया' (१९६८) आणि 'ज्योती' (१९७४) यांचाच जोर. सगळीकडे एकदोनच वाण म्हणजे बुरशीचे काम सोपे. प्रतिकाराचे एकच जनुक असले तर ती रूप बदलून त्यालाही चकवते. म्हणूनच दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये आलेल्या 'पुसा बासमती १८४७'मध्ये करप्याविरुद्ध दोन जनुके एकत्र आणली.

पण इथे लागतो उकडा तांदूळ, बासमती नव्हे. जुने गोव्याच्या केंद्रीय संस्थेने खाजनांसाठी खारेपणा सोसणारे 'गोवा धान' वाण दिले. दापोली विद्यापीठाकडे कोकणच्या भाताचा अनुभव आहे. करप्यासाठी दोघांच्या चाचण्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकत्र व्हायला हव्यात. तोवर बीजप्रक्रिया करा आणि युरिया हप्त्याहप्त्यानेच द्या.